मेजावरची आगगाडी

दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करणाऱ्या मुलाला 'हा उद्योग कशासाठी?' असे कोणी विचारीत नाही. उलट आजी त्याला अळीव पेरायला देते, वडील बुरुजाला चुना लावून देतात. पण तोच मुलगा चाळिशीला आल्यावर मेजावर रूळ मांडून वीतभर लांबीची आगगाडी फिरवू लागला, की घरच्या मंडळींच्या भुवया वर चढतात. 'वय काय, चाललेय काय!' हे उद्गार अशा माणसाने ऐकलेच म्हणून समजा. या उद्गारांना इतिहासाने मोठे मजेदार उत्तर देऊन ठेवले आहे. आणि त्या उत्तराचा एक धागा आमच्या नगर जिल्ह्यापर्यंत, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यापर्यंत, येऊन पोचतो.

आमच्याकडे आगगाडी आली ती खेळ म्हणून नव्हे. १८७६ ते ७८ चा भीषण दुष्काळ पडला होता, आणि दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला तो १८७८ साली. दुष्काळी कामावरच्या भुकेल्या माणसांनी त्याच्यासाठी माती वाहिली. हा मार्ग श्रीगोंदे तालुक्यातून नगरला येतो. याच श्रीगोंद्यात आणि पारनेर तालुक्यातल्या जामगावात शिंदे सरकारचे वाडे आहेत. जामगावचा वाडा तर खुद्द महादजींच्या नावाने ओळखला जातो. शिंद्यांची गादी उत्तरेत ग्वाल्हेरला स्थिरावली, पण मूळ मातीशी सोयरीक सुटली नाही.

या घराण्यातले माधवराव शिंदे १८८६ साली गादीवर आले, तेव्हा ते अवघे नऊ वर्षांचे होते. त्यांना आगगाडीचे विलक्षण वेड! जयविलास राजवाड्यातल्या भोजनाच्या मेजावर त्यांनी चांदीची विजेवर चालणारी आगगाडी बसवून घेतली. तिच्या एकेका डब्यावर एकेक इंग्रजी अक्षर, आणि सारी मिळून 'सिंदिया' हे नाव होते. डब्यांत काचेच्या सुरया. गाडी पाहुण्यांसमोरून संथपणे फिरे. कोणी सुरई उचलली की थांबे, जागेवर ठेवली की पुन्हा चालू लागे. एकदा म्हणे खुद्द व्हाइसरॉयसाहेब पंगतीला असताना ही गाडी बिथरली आणि पाहुण्यांच्या पोशाखावर रश्श्याचा अभिषेक करीत सुसाट धावली. यात मीठमसाला किती, हे सांगणारेच जाणोत. गाडी मात्र खरी; राजवाड्याच्या संग्रहालयात ती मांडलेली आहे.

एवढ्यावर थांबले असते, तर माधवरावांचा छंद हा 'राजाचा चोचला' एवढ्याच सदरात जमा झाला असता. पण त्यांच्या हौसेने मेजाची कड ओलांडली. संस्थानात त्यांनी दोन फूट रुंदीची छोटी रेल्वे घातली. १८९९ साली तिचे उद्घाटन झाले. पुढे दहा वर्षांत ती चंबळेच्या बाजूच्या मुलखातून थेट श्योपूरपर्यंत, सुमारे दोनशे किलोमीटर जाऊन पोचली. ब्रॉडगेजच्या कामासाठी २०२० साली ती बंद झाली. म्हणजे शंभराहून अधिक वर्षे त्या भागातला शेतकरी बाजाराला गेला, मुलगी सासरी गेली, आजारी माणूस दवाखान्यात गेला, तो याच चिमुकल्या गाडीने! एका राजाच्या हौसेचे हे फळ.

तथापि चांदीची गाडी सर्वांना कोठून मिळणार? सामान्यांच्या घरी हा खेळ आणला तो जर्मनीतल्या आणि इंग्लंडातल्या कारखानदारांनी. जर्मनीत गोपिंगेन गावी मेर्कलिन नावाचे कुटुंब १८५९ पासून बाहुलीच्या संसाराची पत्र्याची भांडी करीत असे; आपल्याकडच्या भातुकलीचाच तो धंदा. १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत त्यांनी किल्लीची आगगाडी मांडली. चावीच्या गाड्या पूर्वीही होत्या. मेर्कलिनची युक्ती होती ती रुळांत. त्यांनी रुळांच्या रुंदीची ठरावीक मापे बांधून दिली. त्यामुळे यंदा गाडी घ्यावी, पुढच्या वर्षी दोन हात रूळ, त्यापुढच्या वर्षी एखादे स्टेशन, असे जोडीत जाता येऊ लागले. खेळणे एका दिवसात संपेना. ते पोराबरोबर वाढू लागले. छंदाचा जन्म झाला तो येथे.

इंग्लंडात हेच काम फ्रँक हॉर्नबी याने केले. हा लिव्हरपूलच्या एका मांस आयात करणाऱ्या पेढीतला हिशेबनीस. आपल्या मुलांसाठी त्याने पत्र्याच्या भोके पाडलेल्या पट्ट्या केल्या आणि १९०१ साली त्यांचे पेटंट घेतले. मेकॅनो म्हणून पुढे जगभर गाजला तो खेळ हाच. १९२० साली हॉर्नबीच्या किल्लीच्या आगगाड्या बाजारात आल्या, आणि १९३८ साली त्याच नावाच्या लहान मापाच्या विजेच्या गाड्या निघाल्या.

अशाच एका लहान मापाचे नाव मोठे गमतीचे आहे. आधीच्या प्रचलित मापाला 'शून्य' म्हणत. त्याची रुंदी ३२ मिलिमीटर. त्याच्या साधारण निम्मे ते 'अर्धे शून्य', म्हणजे एच-ओ! शून्याचे अर्धे किती, असे मी वर्गात विचारले, तर मुले शून्यच सांगतील. पण येथे उत्तर साडेसोळा मिलिमीटर येते. या मापात खऱ्या वस्तूच्या सत्याऐंशीव्या हिश्श्याएवढी प्रतिकृती करतात. युरोपातली नेहमीची रेल्वे १४३५ मिलिमीटर रुंद, तिला ८७ ने भागले की साडेसोळा येतात. आपली ब्रॉडगेज मात्र १६७६ मिलिमीटरची. तिला सव्वाएकोणीस लागतात. म्हणून परदेशी रुळांवर आपल्या आगगाडीची हुबेहूब प्रतिकृती बसवू पाहणाऱ्याची पंचाईत होते: रूळ तरी अरुंद पडतो, नाहीतर स्वतः घडवावा लागतो.

हाच हिशेब मी दौंड-मनमाड मार्गाला लावून पाहिला. सुमारे २३५ किलोमीटरचे अंतर. ८७ ने भागले तरी पावणेतीन किलोमीटर भरते. एवढे मोठे मेज कोणाच्या घरी असणार? तेव्हा निवड करावीच लागते. विसापूरचा तलाव ठेवायचा की राहुरीचे उसाचे मळे? कोपरगावजवळ गोदावरीचा पूल घ्यायचा, की येवल्यापुढे रुळांशेजारी उभी ठाकलेली अंकाई-टंकाईची जोडी? मी कादंबऱ्या लिहितो, म्हणून ही अडचण मला ओळखीची आहे. सारे गाव कादंबरीत मावत नाही. चार घरे अशी निवडायची की वाचकाला सारे गाव भेटल्यासारखे वाटावे. मेजावर मुलूख मांडणारा माणूस दुसरे काय करतो?

महाराष्ट्रात हा छंद डोळे भरून पाहायचा, तर पुण्याला जावे. कोथरूडला कर्वे रस्त्याजवळ भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. ते १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी उघडले. भाऊसाहेबांना हा नाद लहानपणापासूनचा. त्यांनी नुसत्या गाड्या जमविल्या नाहीत, एक अख्खे शहर वसविले. त्यात सर्कस आहे, रोपवे आहे, मोटारीत बसून पाहायचा सिनेमा आहे. आणि या सगळ्यांतून, सिग्नलांची आज्ञा पाळीत, गाड्या धावत असतात. मध्येच दिवे मंदावतात, रात्र होते, आणि त्या शहरातल्या खिडक्या उजळतात.

एकदा मी शाळेची सहल तेथे नेली होती. त्यातल्या पुष्कळ मुलांनी आगगाडी पाहिली होती ती फाटकाशी उभे राहून. आत बसायचा योग आलेला नव्हता. एक मुलगा गुडघे टेकून, रुळांच्या पातळीला डोळे आणून एकटक पाहत राहिला. एका मुलीने विचारले, "सर, ती मागची गाडी का थांबली?" मी तिला लाल दिवा दाखविला. पुढची गाडी आपला टापू सोडून गेल्याखेरीज मागचीला वाट मिळत नाही, हे सांगितले. तिने आणखी दोन गाड्या जाऊ दिल्या, ताळा करून पाहिला, आणि मान डोलावली. फळ्यावर आकृती काढून हाच धडा मी दोन तासांत शिकविला असता, आणि तरी तिने ताळा केला नसता.

ग्वाल्हेरची चांदीची गाडी आणि पुण्याचे हे शहर यांच्यात मला फरक दिसतो तो पैशाचा नव्हे, दाराचा. पहिली निवडक पाहुण्यांसाठी फिरत होती. दुसरी तिकीट काढून येणाऱ्या कोणाही पोरासाठी फिरते. छंद दाराआड राहिला तर तो मालकाबरोबर म्हातारा होतो. दार उघडले, की त्याला दर सहलीबरोबर नवे बालपण लाभते. माधवरावांनी मेजावरची हौस मुलखात नेली, भाऊसाहेबांनी एक मुलूखच मेजावर आणला. दोघांनीही आपला खेळ अखेर लोकांच्या हवाली केला, म्हणून आज त्यांची आठवण काढायची.

तेव्हा, वाचकहो, आपल्या घरात कोणी प्रौढ माणूस रात्री जागून पुठ्ठ्याचे स्टेशन चिकटवीत बसला असेल, तर त्याला हसू नका. फक्त एवढे विचारा, "शेजारची मुलं बघायला कधी बोलवायची?"