कार ॲम्प्लिफायर : गेनची जुळवणी

मोटारीतील डेककडून येणारा सिग्नल आणि तो स्वीकारण्याची ॲम्प्लिफायरची क्षमता यांचा मेळ घालण्याची क्रिया. ॲम्प्लिफायरवर ‘गेन’ किंवा ‘लेव्हल’ असे लिहिलेला छोटा स्क्रू असतो. तो आवाज वाढवण्यासाठीच दिलेला आहे अशी सर्रास समजूत आहे, आणि या समजुतीपायी कित्येक वूफर जळतात.

डेकच्या आरसीए वायरीतून कमाल २ व्होल्ट येतात, चांगल्या डेकमधून ४ किंवा ५. ॲम्पचा स्क्रू साधारण ०.२ ते ६ व्होल्ट या टप्प्यात फिरतो. किती व्होल्ट आत आले की पूर्ण ताकद बाहेर पडावी, एवढेच तो ठरवतो. डेक ४ व्होल्टचा आणि स्क्रू ०.२ वर असेल, तर डेकचा आवाज थोडा वाढताच ॲम्पची ताकद संपते. त्यापुढे लहरींची माथी कापली जातात. तंत्रज्ञ याला क्लिपिंग म्हणतात, ऐकणारा ‘आवाज फाटला’ म्हणतो.

नुकसान नेमके येथे होते. साइन लहरीची माथी पुरती सपाट होऊन ती चौकोनी झाली, तर तेवढ्याच कमाल व्होल्टेजला ताकद दुप्पट होते. म्हणजे १०० वॅटचा ॲम्प स्पीकरवर २०० वॅटपर्यंतचा भार टाकू शकतो. व्हॉइस कॉइल तापते, तिचा गोंद सुटतो. ‘लहान ॲम्प लावला की स्पीकर सुरक्षित’ हा दुकानी सल्ला म्हणूनच फसवा आहे.

जुळवणीची खात्रीशीर रीत ऑसिलोस्कोपची. लहरीचे माथे चपटे होऊ लागले की स्क्रू किंचित मागे घ्यायचा, काम झाले. ऑसिलोस्कोप नसेल तर मल्टिमीटरवर भागते. वूफर ॲम्पपासून सोडवावेत, डेकवरील बास, ट्रेबल आणि लाउडनेस शून्यावर आणावेत, ॲम्पचा बास बूस्ट बंद करावा. गाडी मोकळ्या जागेत सुरू ठेवावी, कारण इंजिन बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास राहते आणि चालू असताना पुरवठा १३.८ ते १४.४ पर्यंत जातो. मग डेकचा आवाज सुमारे तीन चतुर्थांशावर ठेवून सबवूफरसाठी ५० हर्ट्झचा टेस्ट टोन वाजवावा आणि ॲम्पच्या स्पीकर टर्मिनलवर एसी व्होल्ट मोजत स्क्रू हळूहळू चढवावा.

कुठे थांबायचे ते गणित सांगते : वॅट आणि ओहम यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ. १०० वॅट व ४ ओहमला २० व्होल्ट, ३०० वॅट व २ ओहमला साधारण २४.५. वॅट मात्र आरएमएस धरावेत. खोक्यावर ठळक छापलेला ‘मॅक्स’चा आकडा जाहिरातीपुरताच असतो. सीटीए-२००६ या अमेरिकी मानकात १४.४ व्होल्ट पुरवठ्यावर, ४ ओहमला, १ टक्का विकृतीच्या आत मोजलेली ताकदच ग्राह्य धरतात. त्यानुसार छापलेला आकडा भरवशाचा.

मल्टिमीटरच्या मर्यादाही आहेत. क्लिपिंग त्याला दिसत नाही, आणि स्वस्त मीटर वरच्या कंप्रतेला चुकीचे आकडे दाखवतो. शिवाय टोन पूर्ण पातळीचा असतो, गाण्यांची सरासरी पातळी तिच्या बरीच खाली असते. म्हणून काही तंत्रज्ञ उणे ५ डेसिबलचा टोन घेतात. त्याने आवाज भरीव मिळतो, पण जोरकस ठेक्यांना क्लिपिंगची थोडी जोखीम राहते. सबवूफरच्या बाबतीत पूर्ण पातळीचाच टोन बरा.

जुळवणी नेहमी उभ्या गाडीत करावी. महामार्गावर गाडी वेगात निघाली की टायरांच्या घरघरीत बास बुडतो. त्या वेळी डेकचा आवाज वाढवावा, गेनला हात लावू नये. इंजिनाच्या वेगासोबत चढणारी कुईकुई ऐकू आली, तर आधी अर्थिंग तपासावे. ॲम्पची अर्थ वायर रंग खरवडलेल्या उघड्या पत्र्यावर घट्ट बसवलेली हवी. गेन उतरवून ती कुईकुई दबते, मूळ दोष तसाच राहतो.

गेन कितीही नीट जुळला तरी आवाजाला कायद्याची सीमा आहे : ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात ध्वनीची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल आहे. मध्य प्रदेशात त्याशिवाय कोलाहल नियंत्रण अधिनियम, १९८५ लागू आहे.