रविवर्म्याच्या चित्रातल्या चिमणाबाई कोणत्या?

रविवर्म्याने रंगवलेलं महाराणी चिमणाबाईंचं चित्र दाखवलं की बडोद्यात हमखास कोणीतरी म्हणतं, "पडदा सोडला त्याच ना?" नव्हे. त्या दुसऱ्या, देवासच्या घाटग्यांच्या. १८८५ च्या अखेरीस लग्न होऊन आल्या. चित्रातल्या पहिल्या: तंजावरच्या मोहित्यांच्या लक्ष्मीबाई, लग्न १८८० चं.

मी पेशाने इंजिनिअर, आधी तारखा बघतो. सयाजीरावांना राज्याधिकार मिळाले १८८१ च्या डिसेंबरात. त्या निमित्ताने रविवर्मा इथे आला. दिवाण टी. माधवराव पूर्वी त्रावणकोरचे दिवाण, तिथलीच ओळख. तेव्हा दुसऱ्या चिमणाबाई बडोद्यात नव्हत्याच.

लोक नऊवारीकडे बोट दाखवतात. पण त्यावरून काय ठरणार? तंजावरच्या मराठी घरांतही नऊवारीच. मला खटकतं ते वेगळंच. लग्नानंतर तंजावरच्या नर्तकी त्यांच्याबरोबर इथे आल्या, नृत्य-संगीताची जाण त्यांना स्वतःलाही होती. चित्रात त्यातलं काही नाही. विलायती दरबारी थाटात उभी आहे ती फक्त गायकवाडांची राणी. १८८५ त त्या गेल्या, वय जेमतेम एकवीस.

रावपुऱ्यातला १८९६ चा टॉवर यांच्याच नावाचा. त्याखालून जाणारे बहुतेक जण तोही दुसऱ्यांचाच समजतात.