शेतकऱ्यासाठी राखीव घर

इंग्लंडातल्या खेड्यात एखादं टुमदार बैठं घर शेजारच्या घरांपेक्षा पाव ते एक तृतीयांश स्वस्त दिसलं, तर जाहिरातीची शेवटची ओळ जरूर वाचावी. तिथे बहुधा लिहिलेलं असतं की या घरात राहणारा माणूस त्या परिसरात शेतीचं किंवा वनीकरणाचं काम करणारा हवा. विकत कोणीही घ्या, राहायचं मात्र शेतीवाल्यानेच! ही अट आली कुठून, ते शोधण्यात माझे गेले पंधरा दिवस मजेत गेले.

मूळ दोन महायुद्धांच्या मधल्या काळात आहे. शेतमालाचे भाव पडलेले, आणि मोटारी आल्यामुळे शहरातला माणूस लांब राहायला तयार. शेतकरी रस्त्याकडेची पट्टी विकून मोकळा व्हायचा आणि तिथे बंगल्यांची रांग उभी राहायची. या लांबच लांब रांगांना आवर घालायला १९३५ साली एक कायदा झाला, पण तो तोकडा पडला. मग युद्ध आलं. जर्मन पाणबुड्या धान्याची जहाजं बुडवू लागल्या, आणि निम्म्याहून जास्त अन्न बाहेरून आणणाऱ्या त्या देशाला शेतजमिनीची किंमत कळली. १९४२ साली स्कॉट समितीने सांगितलं की चांगली शेतजमीन बांधकामाला सहजासहजी देऊ नये, ज्याला हवी त्याने गरज सिद्ध करावी. समितीतले एक सदस्य, अर्थशास्त्राचे प्राध्यापक डेनिसन, यांनी मात्र वेगळी मतपत्रिका जोडली. खेड्यात उद्योगधंदे आले तर खेडुताचं भलंच होईल, असा त्यांचा रोख. मला हे प्राध्यापक आवडले. पण चाललं बहुमताचंच.

पुढे ॲटलींच्या मजूर सरकारने १९४७ चा नगर व ग्राम नियोजन कायदा केला. तो १ जुलै १९४८ पासून लागू झाला. जमीन तुमची, पण तिच्यावर बांधण्याचा हक्क सरकारच्या परवानगीवर! नुकसानभरपाईसाठी तीस कोटी पौंडांचा निधीही ठरवला होता. आता उघड्या माळावर घर नको म्हटलं, तरी पहाटे धार कोण काढणार? मेंढ्या विताना रात्री-अपरात्री कोण धावणार? तेव्हा शेतावरच्या माणसासाठी अपवाद ठेवावा लागला. आणि अपवाद केला की त्यातून वाट काढणारे आलेच. शेतगड्याच्या नावाने परवानगी घ्यायची आणि दोन वर्षांनी घर लंडनच्या एखाद्या साहेबाला विकायचं. म्हणून ती अट, आणि ती माणसाला नव्हे, घराला चिकटलेली. मालक कितीही बदलोत.

ही अट न टिकणारी आहे म्हणून बकिंगहॅमशायरमधल्या दोन घरांचं भांडण थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं. परवानगी १९५२ ची होती, घरं नंतर एका कंपनीने घेतली. कंपनीचं म्हणणं, अट इतकी मोघम आहे की तिचे चमत्कारिक अर्थ निघतात. १९६० साली निकाल कंपनीविरुद्ध लागला. न्यायमूर्ती डेनिंग यांच्या म्हणण्याचा आशय असा की अटीचा काहीच धड अर्थ लागत नसेल तर ती रद्द होईल, चमत्कारिक अर्थ निघतो एवढ्यावरून नाही. (आमच्या शाळेतल्या काही परिपत्रकांना हा निकाल लावायला हवा होता!)

या अटीतला मला भावलेला भाग वेगळाच आहे. शेवटचं काम शेतीतलं असलेला निवृत्त माणूसही तिथे राहू शकतो. त्याच्या पश्चात त्याची विधवाही राहू शकते. म्हणजे हातपाय थकले म्हणून या अटीपायी छप्पर जात नाही.

माझी एक भाची तिकडे संगणकाच्या नोकरीत आहे. तिला असं घर भयंकर आवडलंय. "मावशी, दहा वर्षं अट मोडून राहिलं की ती सुटते म्हणे," असं तिने कळवलं. ऐकीव गोष्ट खोटी नाही. सलग दहा वर्षं अट मोडून राहिल्याचं सिद्ध केलं, तर तसं प्रमाणपत्र मिळू शकतं. पण ती दहा वर्षं रोज दाराशी नोटीस येण्याची भीती, आणि अशा घराला कर्ज द्यायलाही बँका कचरतात. लपवाछपवी केली तर न्यायालय कसं बघतं, तेही मी तिला लिहिलं. हर्टफर्डशायरमध्ये एकाने गवताच्या कोठाराची परवानगी काढून आत चक्क घर बांधलं आणि तेव्हाची चार वर्षांची मुदत गुपचूप काढली. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच्याविरुद्ध निकाल दिला. सरळ रस्ता म्हणजे अट काढण्याचा अर्ज. त्यासाठी घर अटीसकट, कमी भावात, कितीतरी महिने विक्रीला ठेवून कोणीही शेतीवाला घ्यायला आला नाही, हे दाखवावं लागतं. आयुष्याची पुंजी घालायची तर हे आधी माहीत हवं. पुढचा निर्णय ती आणि जावई घेतील.

गंमत अशी की त्याच १९४८ साली आपल्याकडे मुंबई राज्यात कुळकायदा आला. त्याचं कलम ६३ सांगतं की बिगरशेतकऱ्याला कलेक्टरच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकता येत नाही. म्हणजे अगदी उलटा कारभार. इंग्लंडात जमीन कोणीही घ्यावी, शेतातल्या अशा घरात राहण्यावर बंधन. आपल्याकडे गावठाणातलं घर कोणीही घ्यावं, वावर घेण्यावर बंधन. वडिलोपार्जित सातबाऱ्यावर नाव आहे म्हणून मी इथे शेतकरी. सदतीस वर्षं खडू धरला, विळा कधी नाही. तिकडच्या त्या घरात मला कोणी राहू दिलं नसतं!

ही बंधनं हवीत की नकोत, यावर आपल्याकडेही एकमत नाही. कर्नाटकाने २०२० मध्ये ती उठवली. गोव्याने २०२३ मध्ये नवा कायदा करून शेतजमीन शेतकऱ्यालाच, असं ठरवलं. बेळगावच्या नातलगांनी, तुमच्या बाजूला २०२० नंतर जमिनींचे भाव आणि घेणारे कसे बदलले, ते सवडीने कळवावं.