तातील, सुट्टी आणि व्हेकेशन बॅच

आमच्या दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, तोंडी 'सुट्टी' हा शब्द शेवटपर्यंत बसला नाही. ते म्हणायचे 'तातील'. निजामाच्या राज्यात शिकलेल्या पिढीचे हे शब्द. शाळा म्हणजे मदरसा, इयत्ता म्हणजे जमात, मास्तर म्हणजे मुदर्रिस. प्राथमिक शाळा तहतानिया, मधली वुस्तानिया आणि हायस्कूल फौकानिया. आठवड्याची सुट्टी रविवारी नव्हे, शुक्रवारी. वर्षही फसली. दादांच्या दाखल्यावर १३४५ साल आहे. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो. नातवंडांना तो दाखला दाखवला तर धाकटा म्हणाला, "पणजोबा शिवाजी महाराजांच्याही आधीचे?"

हे सगळं आठवण्याचं कारण म्हणजे एप्रिल जवळ आला की आमच्याकडे (आणि मला वाटतं तुमच्याकडेही) सुरू होणारी चर्चा. मुलं सुट्टीत आजीकडे जाणार की क्लासला? यंदा मोठी नात दहावीत जाणार, म्हणून चर्चेला जरा धार आहे. तिचे आईबाबा म्हणतात की व्हेकेशन बॅच बुडाली तर वर्षभर मागे पडेल. बाकीची मंडळी म्हणतात की आमच्या वेळी सुट्टी म्हणजे नुसती मजा होती, पुस्तकाला कोणी हात लावत नव्हतं. मी बीएला इतिहास घेतला होता आणि पुढे तीसेक वर्षं शाळेत शिकवलं. त्यामुळे या दुसऱ्या वाक्याबद्दल थोडं बोलावंसं वाटतं. आमच्या मराठवाड्यात तरी ते खरं नाही.

हैदराबाद संस्थानात वरच्या इयत्तांचं शिक्षण उर्दूतून होतं. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं तेही उर्दू माध्यमाचं. देशी भाषेतून विद्यापीठ चालवण्याचा तो मोठाच प्रयोग होता, हे मान्य करायला हवं. पण मराठी घरातल्या मुलाला भूगोल, गणित, इतिहास सगळं उर्दूतून करावं लागे. लोकांनी खटपटी करून आपल्या शाळा उभ्या केल्या. औरंगाबादची सरस्वती भुवन १९१५ ची, हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ ची, अंबाजोगाईची योगेश्वरी. पण त्या किती मुलांच्या वाट्याला येणार?

मग दादांच्या पिढीला मराठी कुठे मिळालं? घरी, आणि मुख्यतः तातिलीत. दिवेलागणीला परवचा म्हणायची पद्धत होती. हातपाय धुऊन मुलं देवाच्या दिव्यासमोर बसायची. आधी स्तोत्रं, मग तिथी, वार, मराठी महिने, नक्षत्रं, साठ संवत्सरांची नावं आणि शेवटी पाढे. पाढे म्हणजे बे एके बे एवढेच नव्हेत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकीसुद्धा. आजोबा डोळे मिटून ऐकायचे आणि चूक झाली की फक्त "हं?" म्हणायचे. सुट्टीत शाळेचा अभ्यास नसल्यामुळे हे अधिक चाले. पोथी मोठ्यानं वाचणं मुलाकडे यायचं. मोडी कागद घरात असेल तर एखादे काका तो लावून दाखवायचे. दादा म्हणायचे, "जमातीत उर्दू शिकलो आणि ओसरीवर मराठी."

म्हणजे सुट्टीत अभ्यास होता. फक्त तो शाळेनं दिलेला नव्हता आणि तो घरातल्या माणसांबरोबर बसून होत होता. अभ्यास आणि घर अशा दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच.

एक सुट्टी मात्र शिक्षा म्हणूनही आली. १९३८ साली औरंगाबादच्या उस्मानिया इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहातल्या मुलांना 'वंदे मातरम्' म्हणायला बंदी झाली. मुलं मागे हटली नाहीत. लोण हैदराबाद, वरंगलपर्यंत गेलं आणि कितीतरी विद्यार्थ्यांची नावं कमी झाली. नागपूर विद्यापीठानं त्यांना प्रवेश दिला म्हणून त्यांचं शिक्षण पुरं झालं. पुढे पंतप्रधान झालेले नरसिंह रावही त्या मुलांपैकीच.

१७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि १९६० साली महाराष्ट्र झाला. माझी शाळा या नव्या दिवसांतली. सगळं मराठीतून, सुट्टी रविवारी आणि मोठी सुट्टी मे महिन्यात. छोट्या गाडीनं, म्हणजे मनमाड-काचीगुडा मीटरगेजनं, आम्ही मामाकडे जायचो. दुपारी ऊन इतकं की ओसरी सोडायची परवानगी नाही. मग वाळत घातलेल्या कुरडयांची राखण आणि मिळेल ते वाचन. 'चांदोबा'चा एक अंक दहा जणांत फिरे. (बालभारतीचा 'किशोर' १९७१ साली निघाला, तोवर मी मोठी झाले होते. तरी वाचत असे!) रात्री माळवदावर झोपायचं आणि मामा सप्तर्षींवरून ध्रुव शोधायला लावायचा. आम्हाला ती मजा वाटे. आज त्याला 'ॲक्टिव्हिटी' म्हणून फी घेतात. असो.

पण फार गोड चित्रही रंगवू नये. मी नोकरीला लागले आणि १९७२ चा दुष्काळ पडला. १९७३ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्या वर्गातली अर्धी मुलं आईवडिलांबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडत होती. कामावर मिळणारी सुकडी हा त्यांच्या सुट्टीचा खाऊ. जूनमध्ये शाळेत आली तेव्हा बोटांना घट्टे होते. सुट्टी ही सगळ्यांची सारखी नसते, हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नाही, त्या हातांनी शिकवलं.

बीडकडे हे अजूनही दिसतं. दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मूल आईबापाबरोबर गेलं तर शाळा बुडते, गावच्या हंगामी वसतिगृहात राहिलं तर आईबाप सहा महिने दिसत नाहीत. त्या मुलाला मे महिना म्हणजे काय असेल, याचा विचार करून पाहा.

शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा ठरवून दिली आहे. म्हणजे उरलेले दीडशेच्या आसपास दिवस मूल घरच्यांच्या हाती असतं. २०२० च्या मार्चमध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या तेव्हा तर सगळेच दिवस घरच्यांच्या हाती आले. घर भरलेलं होतं, पण प्रत्येक जण आपापल्या मोबाईलसमोर. नुसतं एका छपराखाली असणं म्हणजे सहवास नव्हे, हे तेव्हा आपण सगळ्यांनीच पाहिलं.

आता पुन्हा नातीकडे येते. ती इंग्रजी माध्यमात आहे. राज्यात २०२० साली सर्व शाळांत मराठी सक्तीचं करणारा कायदा झाला, तिच्या शाळेतही मराठीचा तास आहे. पण तासाची भाषा आणि ओसरीची भाषा यांत फरक असतोच. दादांच्या आणि तिच्या बालपणात सुमारे नव्वद वर्षांचं अंतर आहे, तरी परिस्थिती चमत्कारिक सारखी आहे. दोघांचंही शाळेतलं शिक्षण दुसऱ्या भाषेत. फरक इतकाच की दादांना निवड नव्हती आणि आपण ही निवड आपण होऊन केली आहे. मग दादांना तातिलीत जे मिळालं ते तिला कोण देणार? बॅच तर नाही देणार.

बॅचच्या विरुद्ध मी नाही. बोर्डाची परीक्षा काय असते ते मला माहीत आहे. पण वर्गातला माझा अनुभव असा की मे महिन्यात रोज सहा तास बसलेलं मूल जूनमध्ये थकलेलं येई. रोज सकाळी दोन तास नेमानं बसलेलं मूल ताजं येई. दोन तास, तेही उन्हं चढायच्या आत. एक दिवस गणित, एक दिवस भाषा. दुपारी अवांतर वाचन. संध्याकाळी घरच्यांबरोबर काहीतरी मोठ्यानं वाचणं किंवा म्हणणं, आणि तेव्हा मोठ्यांचे मोबाईलही कपाटात. मोठ्यांनी पाळलं नाही तर मुलं अजिबात पाळत नाहीत, हे लिहून ठेवा.

शेवटी घरात तोडगा निघाला आहे. ती पहिले पंधरा दिवस बॅच करणार आणि मग तीन आठवडे इथे संभाजीनगरला येणार. येताना गणिताचं पुस्तक आणायचं, हे मीच सांगितलं आहे. निमकी-पाऊणकी माझ्याकडून. दादांचा दाखलाही काढून ठेवला आहे. त्यावरचं उर्दू मला वाचता येत नाही. शेजारचे निवृत्त उर्दू शिक्षक वाचून द्यायला तयार आहेत, नातीला समोर बसवून.