इशापूरची रायफल : पोलाद बदलले, घडण तीच राहिली

1962 साली चीनबरोबरच्या युद्धात बहुसंख्य भारतीय जवानांच्या हाती जी रायफल होती, तिचा आराखडा 1907 सालचा होता. लोकांच्या बोलण्यात ती ‘थ्री नॉट थ्री’ म्हणून ओळखली जाई. कागदोपत्री तिचे नाव ली-एनफिल्ड. युद्धानंतर लष्कराने 7.62 मिमी मापाची स्वयंभरणी रायफल झपाट्याने स्वीकारली. त्याच काळात पश्चिम बंगालमध्ये, हुगळीच्या काठावर वसलेल्या इशापूरच्या रायफल कारखान्यात अभियंत्यांपुढे एक वेगळा प्रश्न उभा होता : नवे काडतूस जुन्या घडणीच्या रायफलीतून झाडता येईल काय? वरवर पाहता हा केवळ नळी बदलण्याचा प्रश्न होता. प्रत्यक्षात तो पोलादाच्या सहनशक्तीचा प्रश्न होता.

त्यासाठी या रायफलीची यंत्रणा समजून घ्यावी लागते. स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या आणि कॅनडा-अमेरिकेत कारकीर्द घडवलेल्या जेम्स पॅरिस ली यांनी तिची मूळ रचना केली. दाराला जशी कडी, तसा रायफलीला बोल्ट. हाताने मूठ वर उचलून बोल्ट मागे ओढला की रिकामी पुंगळी बाहेर पडते. पुढे ढकलला की मॅगझिनमधले नवे काडतूस नळीच्या तोंडाशी असलेल्या कोठीत शिरते. मूठ खाली वळवली की बोल्टवरचे खांदे सांगाड्यातील खाचांत अडकतात आणि कडी पक्की बसते. जर्मनीच्या माउझर रायफलीत हे खांदे बोल्टच्या पुढच्या टोकाला, अगदी काडतुसाजवळ होते. ली यांनी ते मागे ठेवले. त्यामुळे बोल्टचा प्रवास आखूड झाला, मूठही कमी वळवावी लागे, आणि रायफल विलक्षण चपळ बनली. पहिल्या महायुद्धापूर्वी ब्रिटिश शिपायाकडून मिनिटाला नेम धरून 15 गोळ्यांची अपेक्षा केली जाई.

या चपळाईची किंमत मात्र होती. खांदे मागे असल्यामुळे गोळी सुटण्याच्या क्षणी बोल्टचा बराचसा दांडा दाबाखाली आखडतो आणि त्याभोवतीचा सांगाडा ताणला जातो. हा ताण सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढाच टिकतो. परंतु तो पेलण्याची ताकद पोलादात नसेल तर धोका समोरच्याला नव्हे, रायफल धरणाऱ्याच्या डोळ्याला आणि गालाला असतो.

भारतात या रायफलीत फेरबदल 1962 च्या पुष्कळ आधीपासून होत आले होते. येथील उष्ण-दमट हवेत लाकडी दस्ता फुगे, आकसे, चिरे. म्हणून इशापूरने त्यातून एक आडवा स्क्रू आरपार बसवला. जगभरचे संग्राहक आजही त्याला ‘इशापूर स्क्रू’ म्हणतात. काही बदलांमागे हवामान नव्हते, राज्यकर्त्यांची धास्ती होती. पोलीस आणि पहारेकरी यांच्यासाठी अनेक रायफलींच्या नळीतील आटे काढून ती गुळगुळीत केली गेली, मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा बसवला गेला आणि ती .410 मापाची एकबारी बंदूक बनली. हेतू असा की शस्त्र चुकीच्या हाती गेले, तरी लष्कराचे काडतूस तिच्यात चालू नये.

शिकारी रायफलीचा जन्मही त्याच धास्तीतून झाला. .303 हे लष्करी माप नागरिकांना निषिद्ध होते. मग परवानाधारक शिकाऱ्याने काय वापरावे? त्याचे उत्तर .315 या मापात सापडले. हे काडतूस ऑस्ट्रियाच्या जुन्या 8 मिमी मॅनलिकर काडतुसाच्या घराण्यातले. ली-एनफिल्डच्याच सांगाड्यावर 8 मिमीची नळी चढली आणि ‘थ्री फिफ्टीन’ तयार झाली. स्वातंत्र्यानंतर 1959 च्या शस्त्र कायद्याच्या व्यवस्थेतही हा भेद टिकला : .303 निषिद्ध, .315 परवान्यावर मान्य. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे युग संपवले, तरी आत्मसंरक्षण आणि पीकरक्षण यांच्या परवान्यांवर ही रायफल तगून राहिली.

हा बदल तुलनेने सुकर होता, कारण .303 आणि .315 या दोन्ही काडतुसांच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. ही कड कोठीच्या तोंडावर अडते आणि काडतूस आत किती जाईल हे ठरते. पुंगळी बाहेर खेचणारा आकडाही याच कडेला धरतो. 7.62 मिमीचे काडतूस येथेच वेगळे पडते. त्याच्या बुडाला बाहेर आलेली कड नाही. त्याऐवजी भोवताली खाच आहे. ते कोठीत अडते ते पुंगळीच्या वरच्या उतरत्या खांद्यावर. म्हणजे केवळ नळी नव्हे, काडतूस धरण्याची, भरण्याची आणि बाहेर काढण्याची सगळी पद्धतच बदलते.

दुसरा प्रश्न दाबाचा होता. युरोपात आज मान्य असलेल्या मर्यादांनुसार .303 काडतुसाचा कमाल दाब 365 मेगापास्कल, तर 7.62 मिमीच्या काडतुसाचा 415 मेगापास्कल आहे. दोन्हींच्या बुडाचा व्यास 12 मिमीच्या आसपास. दाबाला क्षेत्रफळाने गुणले तर बोल्टवर येणारे बल पहिल्यात सुमारे 39,000 न्यूटन आणि दुसऱ्यात सुमारे 46,000 न्यूटन भरते. पुंगळी कोठीच्या भिंतीला घट्ट चिकटत असल्याने प्रत्यक्ष बल याहून कमी असते, पण दोन्हींतील तफावत त्यातून कळते. जुन्या पोलादाने हा जादा भार वर्षानुवर्षे सोसावा, ही अपेक्षा रास्त नव्हती.

म्हणून इशापूरने जुन्या रायफली घेऊन त्यांत नव्या नळ्या कोंबल्या नाहीत. हा गैरसमज आजही सर्रास आढळतो. ‘2ए’ आणि तिच्यानंतरची ‘2ए1’ या नव्याने घडवलेल्या रायफली होत्या. आराखडा जुना, पण सांगाडा आणि बोल्ट अधिक बळकट पोलादाचे. कडेऐवजी खाचेत बसेल असा आकडा नव्याने आखला गेला. .303 ची पुंगळी निमुळती असल्याने तिच्या मॅगझिनला तिरका आकार होता. नव्या काडतुसासाठी चौकोनी, 12 गोळ्यांचे मॅगझिन आले. मागील दर्शिकेवर पूर्वी 2,000 पर्यंत आकडे होते. 2ए1 मध्ये ते 800 मीटरवर आणले गेले. एकेका शिपायाने दोन हजारांवर नेम धरावा ही कल्पना युद्धाच्या अनुभवाने केव्हाच निकालात काढली होती. ब्रिटननेही 7.62 मिमीसाठी ली-एनफिल्ड वापरली, पण तेथे हाताशी अधिक मजबूत असा ‘नंबर 4’ सांगाडा होता. इशापूरने तो कधी बनवलाच नव्हता. त्यामुळे जुन्या सांगाड्याची उणीव येथे धातुशास्त्राने भरून काढावी लागली.

या रायफलीत पोलाद, आकडा, मॅगझिन, दर्शिका असे बरेच काही बदलता आले. एक गोष्ट बदलता आली नाही : प्रत्येक गोळीनंतर माणसाच्या हाताने बोल्ट मागे-पुढे करणे. ती मर्यादा कोणत्याही सुट्या भागात नव्हती, मूळ रचनेतच होती.

26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री ही मर्यादा मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर देशाने पाहिली. हल्लेखोरांच्या हाती स्वयंचलित रायफली होत्या. स्थानकावरच्या पोलिसांपैकी काहींकडे बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल, तर काहींकडे फक्त लाठी होती. तरीही त्यांतील काहींनी प्रतिकार केला. उणीव त्यांच्या धैर्यात नव्हती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर .303 ला निरोप दिला तो 26 जानेवारी 2020 च्या प्रजासत्ताकदिनी, म्हणजे मूळ आराखड्यानंतर 113 वर्षांनी.

इशापूरच्या अभियंत्यांनी 1960 च्या दशकात जे साधले ते थोडे नव्हते. टंचाईच्या काळात, परिचित यंत्रसामग्रीवर, त्यांनी एका जुन्या घडणीला नव्या काडतुसाचा भार सुरक्षितपणे पेलायला शिकवले. परंतु भाग सुधारून यंत्राचे आयुष्य वाढवता येते, त्याचा काळ वाढवता येत नाही. दुरुस्ती कोठे पुरी पडते आणि नवे यंत्र केव्हा आणावे लागते, हा निर्णय कारखान्यातील लेथवर होत नाही. तो ज्यांनी घ्यायचा, त्यांनी लांबवला की त्याची किंमत रायफल हाती असलेला माणूस मोजतो.