फट, पाचर आणि पितळ

मालवणजवळच्या कुरटे बेटावर १६६४ साली सिंधुदुर्गाचे काम सुरू झाले, तेव्हा या किनाऱ्याला तोफ नवी नव्हती. गोव्यात १५१० पासून पोर्तुगीज होते. त्यांच्या जहाजांच्या काठावर खुंटीवर फिरणाऱ्या छोट्या तोफा असत. अठराव्या शतकात मराठी गलबतांवरही फिरत्या तोफा होत्या, हे रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने नोंदवले आहे.

पोर्तुगिजांच्या 'बेर्सो' नावाच्या तोफेत दारू मागून भरत. गोळा नळीत मागच्या तोंडाने ठेवायचा, त्यामागे दारूने भरलेला, कान असलेल्या पेल्यासारखा लोखंडी भाग बसवायचा आणि त्याच्याही मागे पाचर ठोकायची. असे चार-पाच पेले आधीच भरून ठेवले की बार भराभर निघत. मग ही सोयीची तोफ मागे का पडली?

उत्तर पेला आणि नळी यांच्यामधल्या फटीत आहे. हाताने घडवलेले दोन भाग तंतोतंत जुळत नसत. दारू पेटली की तप्त वायू मिळेल त्या फटीतून निसटे. गोळ्याचा जोर कमी होई आणि झळ गोलंदाजाच्या तोंडावर येई. पाचर कितीही ठोकली तरी फट पुरती बुजत नसे. म्हणून दारू बेतानेच भरावी लागे. मोठ्या तोफा तोंडातूनच भरल्या जात राहिल्या, यात नवल नाही.

हाच प्रश्न बंदुकीत तीनशे वर्षांनी पुन्हा उभा राहिला. प्रशियाने १८४१ साली स्वीकारलेल्या ड्रायझे बंदुकीतून वायू गळे. फ्रेंचांच्या १८६६ च्या शास्पो बंदुकीत रबराची कडी होती, पण ती उष्णतेने खराब होई. त्याच सुमारास इंग्रजांच्या स्नायडर बंदुकीसाठी एडवर्ड बॉक्सरने पितळी काडतूस तयार केले. स्फोटाच्या दाबाने पितळ फुगून नळीच्या भिंतीला चिकटते आणि वाट बंद होते. दाब उतरताच ते थोडे आक्रसते, म्हणून रिकामे काडतूस बाहेर ओढता येते. थोडा सैलपणा मुद्दाम ठेवायचा आणि तो भरून काढण्याचे काम दाबाकडेच सोपवायचे, ही युक्ती आम्हाला फार देखणी वाटते. वर्गात ती दाखवायला बंदूक नको. सायकलच्या पंपातील वाटीसारखा चामडी वॉशर दाबला की पसरतो आणि ओढताना सैल होतो.

पितळालाही मर्यादा आहेच. काडतुसामागचा बोल्ट झिजून मागे फट वाढली, तर काडतूस ताणले जाऊन फाटते. आपल्या पोलिसांच्या हाती अनेक दशके दिसलेली 'थ्री नॉट थ्री' म्हणजे ली-एनफिल्ड. तिच्या 'नंबर चार' या प्रकारात बोल्टचे डोके सुटे असे आणि त्यावर ० ते ३ असा आकडा कोरलेला असे. फट मापकाने तपासायची आणि वाढलेली आढळली, की पुढच्या आकड्याचे, किंचित लांब डोके बसवायचे.