चंदीची वाट

स्मरणिकेच्या संपादकांनी मला सहलीचा वृत्तान्त लिहायला सांगितला होता. किती जण गेलो, काय खाल्ले, कोण घसरून पडले, एवढे लिहिले की पान भरते. पण ही सहल जिंजीची होती, आणि जिंजीबद्दल लिहायला बसले की माणूस सहलीवरून इतिहासात घसरतो. संपादकांनी आणि वाचकांनी क्षमा करावी.

गेली काही वर्षे आम्ही दहा-बारा मित्रमंडळी थंडीत एक दिवस डोंगर चढतो आणि एक रात्र तंबूत काढतो. त्यात निम्मे आपल्या मंडळाचे, निम्मे कचेरीतले. कानडी, तमिळ, एक तेलुगू. सावनदुर्ग झाला, नंदी आणि स्कंदगिरी झाले. जिंजीचे ठरले ते एका बातमीमुळे. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले. रायगड, शिवनेरी, राजगड, प्रतापगड अशी अकरा नावे महाराष्ट्रातली आणि बारावे जिंजी, तमिळनाडूतले. आमच्यातल्या एका तरुण अभियंत्याने विचारले, "काका, हे एक तिकडे कसे काय गेले?" त्याचे शिक्षण पुण्यात झालेले, दहावीपर्यंत इतिहासात चांगले गुण. त्याला राजाराम महाराज 'जिंजीला गेले' एवढे एक वाक्य आठवत होते. मला तरी त्याच्या वयात कुठे जास्त ठाऊक होते? म्हणून म्हटले, चला, सव्वीस जानेवारीच्या सुटीत जाऊनच येऊ आणि बातमीचा आनंद तिथेच साजरा करू.

बंगळूरहून होसूर, कृष्णगिरी, तिरुवण्णामलै या वाटेने जिंजी सुमारे २४० किलोमीटर. तमिळ लोक 'सेंजी' म्हणतात, आपल्या जुन्या कागदांत 'चंदी' येते. गावाच्या अलीकडेच रस्ता तटबंदीतून आत शिरतो आणि दोन्ही बाजूंना टेकड्या उभ्या राहतात. टेकड्या म्हणजे तरी काय, घराएवढ्या धोंड्यांचे ढीग. सह्याद्रीची सवय असलेल्या डोळ्यांना ते खरेच वाटत नाहीत. हे ग्रॅनाइट आहे, आपला काळा बसाल्ट नव्हे. राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रायणदुर्ग अशा तीन टेकड्या त्रिकोणात, आणि तिन्हींना जोडणारी सुमारे तेरा किलोमीटरची तटबंदी. एकेक टेकडी म्हणजे स्वतंत्र किल्ला. हे लक्षात ठेवावे, पुढे वेढ्याच्या वेळी त्याचा उपयोग आहे. (वाटेतले कृष्णगिरी गाव वेगळे आणि ही टेकडी वेगळी. आमच्या गाडीत यावरून अर्धा तास गोंधळ झाला.)

उन्हाच्या आधी अवघड काम उरकावे म्हणून तिकीट खिडकी उघडताच राजगिरी धरली. उंची जेमतेम आठशे फूट, पण पायऱ्या अशा उंच की गुडघे मोजून घेतात. पायथ्याला कल्याण महालाचा मजल्यांवर मजले चढवलेला मनोरा, प्रचंड धान्यकोठारे, पागा. वर चढताना कमलकन्नी अम्मनचे देऊळ लागते. तिथपासून वानरसेना मागे लागली आणि आमच्यातल्या एका वहिनींची लाडवांची पिशवी गेली. चकलीची वाचली. शेवटच्या टप्प्यावर कडा तुटलेला आहे. खाली खोल घळ आणि तिच्यावर छोटा पूल. हा पूल काढून घेतला की बालेकिल्ला जगापासून तुटला. पुलावर उभे राहून खाली पाहिले तेव्हा आमचा अभियंता पहिल्यांदा गप्प झाला.

माथ्यावर रंगनाथाचे देऊळ आहे, कोठार आहे आणि वारा आहे. तिथे बसून मी त्याच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला सुरुवात केली, आणि ते रात्री तंबूपाशी संपले.

किल्ला मराठ्यांनी बांधलेला नाही. आधी स्थानिक कोन राजे, मग विजयनगरचे नायक, मग विजापूरकर. शिवाजी महाराज १६७७ च्या मे महिन्यात इथे आले. गोवळकोंड्याच्या कुतुबशहाशी बोलणी करून, रघुनाथपंत हणमंते यांच्या सल्ल्याने ते दक्षिणेत उतरले होते. जिंजी फारशी लढाई न होता हाती आली. नवल आहे ते पुढचे. महाराजांनी किल्ला घेऊन त्यावर भगवा लावला आणि निघून गेले असे झाले नाही. त्या वेळी या भागात असलेल्या आंद्रे फ्रेअर नावाच्या जेझुइट पाद्र्याने वरिष्ठांना लिहिलेल्या पत्रात नोंद आहे की महाराजांनी जुनी बांधकामे पाडून नवे तट उठवले, खंदक खणले, बुरूज आणि तलाव केले, आणि काम युरोपियनांनाही मान्य व्हावे इतके चोख होते. रायगडापासून इतक्या दूरच्या किल्ल्यावर एवढा खर्च कशासाठी? महाराजांच्या मनातले आपण सांगू शकत नाही. पण बारा वर्षांनी काय झाले ते सांगता येते.

मार्च १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली. राजाराम महाराज तेव्हा एकोणीस वर्षांचे. रायगडाला झुल्फिकारखानाचा वेढा पडला, ते प्रतापगड, पन्हाळा असे हलत राहिले, आणि सप्टेंबरअखेर मोजक्या माणसांसह लिंगायत यात्रेकरूंच्या वेषात दक्षिणेला निघाले. बरोबर प्रल्हाद निराजी, खंडो बल्लाळ, रूपाजी भोसले अशी माणसे. केळदीच्या राणी चेन्नम्माने (कित्तूरची नव्हे, ही तिच्या शंभरावर वर्षे आधीची) मोगलांचा रोष पत्करून त्यांना पुढे काढून दिले. आपल्यासारख्यांना जवळची वाटेल अशी गोष्ट यापुढची. ही मंडळी बंगळूरला मुक्कामाला होती. यात्रेकरूंपैकी एकाचेच पाय बाकीचे धुतात हे कोणाच्या तरी नजरेत आले आणि बातमी मोगल ठाणेदारापर्यंत गेली. राजाराम महाराज दोघातिघांसह निसटले, खंडो बल्लाळ मुद्दाम मागे राहिले. त्यांचे हाल केले गेले, तरी आम्ही यात्रेकरू आहोत यापलीकडे ते बोलले नाहीत, असे बखरीत आहे. त्यांचे वडील बाळाजी आवजी चिटणीस यांना संभाजी महाराजांच्या हुकमाने देहान्त शिक्षा झाली होती. त्या घरातला मुलगा त्याच राजाच्या भावासाठी बंगळूरात मार खात होता. आपण मॅजेस्टिकच्या गर्दीत बसची वाट पाहतो, तिथल्याच कुठल्या तरी पेठेतली ही हकीकत.

ऑक्टोबरअखेर ते वेल्लोरला आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला जिंजीला पोहोचले. इथेही दार लगेच उघडले नाही. किल्ल्याचे कारभारी हरजीराजे महाडिक नुकतेच वारले होते. त्यांची पत्नी अंबिकाबाई ही राजारामांची सावत्र बहीण, आणि ताबा सोडायला तिने प्रथम नाखुषी दाखवली. मग समजूत निघाली. इकडे भाऊ जिंजीत शिरत होता त्याच सुमारास तिकडे रायगड पडला आणि येसूबाई व बाळ शाहू मोगलांच्या कैदेत गेले. आता मराठ्यांची राजधानी जिंजीच होती.

रात्री मुक्काम किल्ल्याबाहेर होता. आत तंबू लावायला परवानगी नाही आणि ते योग्यच आहे. आमच्या तमिळ मित्राचे आजोळ जवळच्या खेड्यात, त्यांच्या आंब्याच्या बागेत तंबू ठोकले. पिठले, भात, ठेचा, आणि वाचलेली चकली. मित्राच्या मामींनी पोंगल धाडला. एका मेणबत्तीभोवती केक नव्हे, शिरा ठेवून आम्ही युनेस्कोच्या नावाने टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात अभियंत्याने सकाळपासून मनात ठेवलेले बोलून टाकले, "पण काका, म्हणजे ते पळूनच गेले ना?"

वाद रंगला. कोणी म्हणाले, राजाने राजधानी सोडायला नको होती. मी म्हटले, हिशेब पाहा. झुल्फिकारखान १६९० मध्ये जिंजीपुढे आला आणि किल्ला मिळाला १६९८ च्या आरंभी. औरंगजेबाचा सर्वांत कर्तबगार सेनापती, पुढे वजीर असदखान आणि शहजादा कामबक्षही, सात वर्षांहून अधिक काळ या तीन टेकड्यांपाशी अडकून पडले. तेरा किलोमीटरचा तट आवळायला फौज पुरत नव्हती. १६९२ च्या डिसेंबरात संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव येऊन धडकले तेव्हा वेढा मोडला, मोगलांवर आपल्याच शहजाद्याला अटकेत ठेवायची पाळी आली आणि झुल्फिकारखान वांदिवाशला हटला. मोगलांच्या बाजूने लढलेला भीमसेन सक्सेना तर लिहितो की खानाने मनात आणले असते तर किल्ला कधीच घेतला असता. म्हणजे खानाचेही काही राजकारण होते. इकडे महाराष्ट्रात रामचंद्रपंत अमात्यांकडे 'हुकुमतपन्हा' म्हणून मुखत्यारी होती, आणि मोगलांची ताकद दोन ठिकाणी वाटली गेल्याने त्यांना मुलूख सावरता आला. राजा रायगडावर सापडला असता तर यातले काहीच घडले नसते.

सगळे गोड नव्हते, हेही सांगितले. वतने सढळ वाटली गेली. संताजी-धनाजींचे भांडण राजाला मिटवता आले नाही, उलट त्यात तो एका बाजूला गेला, आणि १६९७ मध्ये संताजीसारखा सेनानी मारला गेला. ही चूक माझ्या मते राजाराम महाराजांची. पैशांची ओढ इतकी की १६९० मध्ये कडलूरजवळचा देवनामपट्टणचा कोट इंग्रजांना विकला. कोटातून चारी दिशांना तोफ डागावी आणि गोळा पडेल तिथपर्यंतची जमीन घ्यावी, असा तो व्यवहार. तिथली काही गावे पुढे 'गुंडू' म्हणजे तोफगोळ्याची गावे म्हणून ओळखली गेली. मद्रासच्या सौदागरांनी तोफ चांगली लांब पल्ल्याची निवडली होती, हे सांगायला नको.

मग मी पिशवीतून सभासदाची बखर काढली. शिवाजी महाराजांचे मराठीतले हे आद्य चरित्र. कृष्णाजी अनंत सभासदाने ते राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिले, १६९७ च्या सुमारास, आणि लिहिले ते जिंजीत. वेढा चालू, दाणागोटा तुटपुंजा, घर महिनाभराच्या वाटेवर. अशा वेळी राजा एका जुन्या माणसाला सांगतो की वडिलांचे चरित्र लिहून दे. वडील गेले तेव्हा मुलगा दहा वर्षांचा होता. त्याला आठवत तरी किती असणार? केशव पंडितांनी संस्कृतात 'राजारामचरितम्' लिहिले तेही याच जिंजीच्या प्रवासावर. तंबूबाहेर विजेरीच्या उजेडात आम्ही बखरीतला अफझलखानाचा भाग वाचला. समोर काळोखात राजगिरी होती. तमिळ मित्राला मी अर्थ सांगत गेलो, कानडी मित्राला तो बराच आधीच कळत होता.

वाचून झाल्यावर तमिळ मित्र म्हणाला, "आमच्या गावात तुमच्या राजाचे नाव कोणी घेत नाही. हा देसिंगू राजाचा किल्ला." हे खरे आहे. मोगलांनंतर इथे आलेल्या बुंदेल्यांचा तरुण राजा तेजसिंग १७१४ मध्ये अर्काटच्या नबाबाशी लढताना पडला, आणि तमिळ गाण्यांत तोच अमर झाला. मित्राच्या मामांनी त्या गाण्याचे चार-दोन तुकडे म्हटलेही. आम्हाला शब्द कळले नाहीत, घोडा दौडतो आहे एवढे कळले. अभियंता मात्र हिरमुसला. आठ वर्षे राजधानी होती आणि गावाला आठवण नाही! मी त्याला एवढेच म्हटले, की मामांना आपण सांगितले नाही तर त्यांना कळणार कसे? मग तो मोडक्या तमिळमध्ये मामांना खंडो बल्लाळाची गोष्ट सांगत बराच वेळ बसला. १६९७ च्या अखेरीस राजाराम महाराज वेढ्यातून निसटले तेव्हाही खंडो बल्लाळच मधे होते. मोगलांकडच्या गणोजी शिर्क्यांनी वाट द्यावी म्हणून त्यांनी आपले दाभोळचे वतन लिहून दिले, असे बखरकार सांगतात. मामांनी त्यावर विचारले, "वतन म्हणजे किती एकर?" उत्तर आम्हा कोणालाच देता आले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कृष्णगिरी चढलो, तिथला घुमटाचा दरबार पाहिला, आणि परतीआधी पुदुच्चेरीला जाऊन समुद्र पाहिला. किनाऱ्यावर गांधीजींच्या पुतळ्याभोवती आठ उंच कोरीव खांब आहेत. ते जिंजीहूनच फ्रेंचांनी नेलेले.

पुढच्या जानेवारीत वेल्लोरला जायचे घाटते आहे. तो कोट घ्यायला मराठ्यांना वर्षाहून अधिक काळ लागला, आणि त्यासाठी समोरच्या टेकड्यांवर साजरा-गोजरा हे दोन किल्ले उभे केले. आमचा बेत ते दोन्ही चढायचा आहे. येणाऱ्यांनी गणपती विसर्जनापूर्वी मंडळाच्या टेबलापाशी नावे द्यावीत. प्रत्येकी तीन लिटर पाणी आणावे. लाडू आणल्यास डब्यात आणावेत, पिशवीत नको.